पाटाचे दार

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी मी शास्त्र या विषयाला जो हात जोडून निरोप दिला, तो गेल्या मार्गशीर्षापर्यंत उभयपक्षी इमानाने पाळला गेला. मी त्याच्या वाटेला गेलो नाही, आणि तेही माझ्या वाटेला आले नाही. मराठी घेऊन एम. ए. झालो, कॉलेजात चिकटलो, आणि गेली वीस वर्षे मुलांना वृत्ते, अलंकार आणि संतांचे अभंग शिकवीत आहे. पोटॅशियम हा शब्द या काळात माझ्या कानावर आला तो दोनच निमित्तांनी. एकदा वडिलांची मूत्रपिंडे थकली तेव्हा डॉक्टरांनी त्यांचे शहाळे बंद केले म्हणून, आणि एरवी खताच्या पोत्यावर. नत्र, स्फुरद, पालाश यांतला पालाश म्हणजे पोटॅशियम, हे मला ठाऊक होते ते व्युत्पत्तीच्या हौसेपायी. त्या पालाशाने माझ्या आईचा पंचेचाळीस वर्षांचा हिशेब चुकता करावा, ही गोष्ट कुणी मला आधी सांगितली असती, तर मी ती दुसऱ्या दर्जाच्या कथेत जमा केली असती.

धाकट्या बहिणीला लग्नानंतर अकरा वर्षांनी दिवस गेले. वय एकोणचाळीस. आईने तिला सातव्या महिन्यातच पुण्याला आमच्याकडे आणली आणि घरात डिंकाचे लाडू, अळीव आणि सूचना यांचा सुकाळ झाला. बाळंतपण सुखरूप झाले. मुलगा. जावयांनी पेढे वाटले. विहीणबाई नाशिकहून आल्या. चौथ्या दिवशी पहाटे मुलगा दूध पिता पिता थांबला, त्याची मान एका बाजूला वळली, उजवा हात ताठ झाला, ओठ निळसर पडले. आणि मग ते एवढेसे अंग लयीत झटके देऊ लागले. सगळे मिळून मिनिटभर झाले असेल. नंतर तो जणू काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा दुधासाठी तोंड उघडू लागला. दुपारपर्यंत असे पाच वेळा झाले.

त्याला काचेच्या पेटीत ठेवले. मेंदूच्या विकारांच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाई आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. रक्तातली साखर पाहिली, कॅल्शियम पाहिले, पाठीतले पाणी काढून तपासले, मेंदूचा फोटो काढला. सगळे स्वच्छ. तेव्हा त्यांनी आम्हां सर्वांना समोर बसवून विचारले, "दोन्ही घरांत कुणाला अगदी तान्हेपणी आकडी, झटके, फेफरं असं काही?"

विहीणबाई म्हणाल्या, "नाही." आणि त्यांच्या पाठोपाठ, श्वासही न घेता, आई म्हणाली, "छे! आमच्याकडे कुणालाच नाही."

आई इतक्या चटकन सहसा बोलत नाही. मला तेवढे खटकले, पण मी गप्प बसलो.

रात्री अकराच्या सुमारास आम्ही दोघे बाहेरच्या बाकावर होतो. आईने पदराचे टोक बोटाला गुंडाळीत, माझ्याकडे न बघता सांगितले, "तुला आली होती. पाचव्या दिवशी. पाचवीची पूजा मांडली होती आणि तू ताठ झालास. तीन महिने येत होती, मग आपोआप गेली. हिलाही आली होती."

मी काय बोलणार? पंचेचाळीस वर्षांचा, चष्मा लावणारा गृहस्थ, त्याला त्याच्या आयुष्यातली पहिली मोठी घटना मध्यरात्री दवाखान्याच्या बाकावर कळावी!

तिने मग सगळेच सांगितले. वडील तेव्हा पाटबंधारे खात्यात, नीरा डाव्या कालव्यावर होते. आजीही बरोबर. १६ फेब्रुवारी १९८० रोजी ते मोठे सूर्यग्रहण झाले. कारवार-हुबळीकडे खग्रास होते. आमच्याकडे खंडग्रास, पण सूर्याची कोरच उरावी इतके. भरदुपारी रस्ते ओस पडले होते, हे त्या पिढीतले सगळे सांगतात. आई पाच महिन्यांची गरोदर, वय पंचवीस. तिला भूक लागली. सासूबाई जप करीत बसल्या आहेत असे पाहून तिने मागच्या पडवीत विळीवर एक पेरू चिरला आणि मीठ लावून खाल्ला. विळी धुवायची राहिली. ती आजीने पाहिली. जूनमध्ये मी जन्मलो, पाचव्या दिवशी आकडी आली, आणि आजी एवढेच म्हणाली, "ग्रहणात विळी धरलीस ना?"

सहा वर्षांनी धाकटीच्या वेळी आईने सारी पथ्ये पाळली. ग्रहणात हातपाय न हलवता, पाण्याचा घोटही न घेता ती देवासमोर बसून होती. तरी चौथ्या दिवशी मुलीला झटके आलेच. विळीवर खापर फोडता येईना, तेव्हा आजीने निकाल दिला : "हिच्या माहेरचं रक्तच तसलं." तो निकाल कायम झाला. वडील भला माणूस. पण आईपुढे कधी बोलले नाहीत. पुढे धाकटीचे लग्न ठरताना समोरून कुणी विचारले नाही, आणि आईने सांगितले नाही.

"आता विहीणबाई म्हणतील, फसवलं," आई म्हणाली. "आणि पोरीला आयुष्यभर ऐकावं लागेल. माझ्यासारखं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरीणबाईंना एकटे गाठून, खालमानेने, स्वतःपुरते सांगितले. मग धीर करून बहिणीचेही सांगितले. मला वाटले होते, बाई सहानुभूती दाखवतील. त्या चक्क खुर्चीत पुढे सरकल्या. "हे काल का नाही सांगितलंत? एक दिवस वाचला असता!" त्यांना आनंद झालेला मला स्पष्ट दिसला, आणि पहिल्यांदा मला त्याचा रागच आला. पुढे अर्ध्या तासात त्यांनी एका कागदाच्या पाठीवर रेघा काढून जे समजावले, ते मी नंतर स्टाफरूममध्ये प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना छळून, त्यांच्याकडची पुस्तके आणून, पुन्हा पुन्हा वाचले. माझ्या भाषेत ते असे आहे.

मेंदूतली पेशी म्हणजे एक भरलेले शेत समजा, आणि तिचे पातळ आवरण म्हणजे बांध. बांधाच्या आत पालाश जास्त, बाहेर सोडियम जास्त. निवांत असताना पेशीचे अंतरंग बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टनी ऋण असते. निरोप धाडायची वेळ आली, की सोडियमची दारे उघडतात, सोडियम आत घुसतो, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात विजेचा एक टोला पडतो. हा टोला आवरतो कोण? पालाश. त्याची दारे किंचित उशिराने उघडतात, पालाश बाहेर पडतो, आणि पेशी पुन्हा पहिल्या स्थितीला येते. इंग्लंडात हॉजकिन आणि हक्सले या दोघांनी माकुळासारख्या एका समुद्री जिवाच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून हा सारा हिशेब १९५२ साली मांडला आणि १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळवले. त्या वेळी ही दारे कुणी पाहिली नव्हती. ती असली पाहिजेत, एवढे गणितातून दिसत होते. १९९८ साली रॉडरिक मॅकिनन यांनी जंतूतल्या अशा एका दाराची अणूअणूची रचना दाखवली. त्यातली मौज अशी, की सोडियमचा कण पालाशापेक्षा लहान. तरी या दारातून मोठा जातो आणि लहान अडतो. पाण्यातून येताना प्रत्येक कणाभोवती पाण्याचे रेणू बिलगलेले असतात. ते दारात सोडून यावे लागतात. पालाशाला दाराच्या आतल्या बाजूचे ऑक्सिजनचे अणू नेमक्या तेवढ्याच अंतरावर हात देतात. सोडियम लहान, त्याचे हात पोचत नाहीत. म्हणून तो पाणी सोडायला तयार होत नाही आणि बाहेरच राहतो. मॅकिनन यांना २००३ साली नोबेल मिळाले.

आता या पालाशाच्या दारांचे प्रकार किती, तर माणसात त्यांची सुमारे ऐंशी जनुके आहेत. काही दारे झटक्यात उघडतात आणि टोला तिथल्या तिथे तोडतात. काही आधी उघडून पहिला टोलाच लांबवतात. काही टोल्यांची माळ लांबत चालली की मग जागी होतात. एकाच जातीचा निरोप आला तरी एक पेशी टकटक असे दोनच टोले देऊन थांबते, आणि दुसरी धडधडत राहते, ती बव्हंशी कुणाच्या बांधाला कोणती दारे किती, यावर. मी वर्गात यती शिकवतो. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरावर थांबायचे असते. तिथे न थांबता ओढत नेले, की शब्द तेच राहूनही चाल मोडते. ते सारे बोलणारे सोडियम आणि थांबवणारा पालाश, असे मी माझ्यापुरते लावून घेतले. सहकाऱ्यांना हा दृष्टान्त पसंत पडला नाही, पण मला त्याने काम दिले.

आमच्या घरच्या दाराची जात वेगळी. ते हळू उघडते; टोला पडायच्या आधीच, पेशी नुसती चुळबुळू लागली, की किलकिले होते आणि उघडेच राहते. वडील सांगत, कालव्याला दारे कितीही भक्कम असोत, जादा पाणी काढून द्यायला सांडवा नसेल तर पहिल्या पुरात भराव फुटतो. हे दार म्हणजे तो सांडवा. डेव्हिड ब्राऊन आणि पॉल ॲडम्स यांनी बेडकाच्या मज्जापेशींत हा संथ प्रवाह ओळखला आणि त्याचे वर्णन 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. साल १९८०, महिना फेब्रुवारी. ही तारीख वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो. आई पडवीत चोरून पेरू चिरत होती, त्याच महिन्यात!

१९९८ साली या दाराची जनुके सापडली. त्यातले एक विसाव्या गुणसूत्रावर आहे. त्याचे नाव के-सी-एन-क्यू-टू. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक प्रत बिघडली तर सांडव्यातून पाणी जाणे कमी होते. प्रयोगांत असे दिसले की पाव हिस्सा प्रवाह कमी झाला तरी झटक्यांना तेवढे पुरते. अशी घराणी जगभर आहेत. व्हिएन्नात रेट आणि टॉयबेल या दोघांनी अशा एका कुटुंबाची हकीकत १९६४ सालीच लिहून ठेवली होती. मूल जन्मते, दोन-चार दिवसांनी झटके सुरू होतात, मधल्या वेळात ते छान पिते, झोपते, रडते. आणि काही महिन्यांत झटके थांबतात. का थांबतात? तान्ह्या मेंदूत पेशींना शांत करणारी दुसरी व्यवस्था अजून कच्ची असते, तोवर सगळा भार या सांडव्यावर. पुढे इतर बंदोबस्त उभा राहतो आणि सांडवा अरुंद असला तरी निभावते, असे शास्त्रज्ञ मानतात. मोठेपणी पुन्हा झटके येण्याचा संभव शंभरात दहा-पंधरा जणांना. मात्र त्याच जनुकात दुसऱ्या जागी, दुसऱ्या तऱ्हेचा बदल झाला, तर मूल बसायला, बोलायलाही शिकू नये इतका भयंकर आजार होतो. बाई हे लपवून ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण दोन पिढ्यांत असे झटके येऊन गेलेली, संसार करणारी, कॉलेजात शिकवणारी माणसे घरात आहेत म्हटल्यावर पारडे चांगल्या बाजूला झुकते, असे त्या म्हणाल्या. चांगल्या बाजूचा पुरावा म्हणून माझी गणना आयुष्यात प्रथमच झाली.

आणखी एक. त्या दिवशीपर्यंत बाळाला फिनोबार्बिटल चालू होते. झटके कमी झाले होते, थांबले नव्हते. माझी कबुली ऐकून बाईंनी कार्बामाझेपिन सुरू केले. ते औषध सोडियमची दारे आवळते. सांडवा रुंद करता येत नाही, तर आत येणारे पाणीच कमी सोडा! (सांडवा उघडणारे औषधही निघाले होते, २०११ साली ते बाजारात आले, पण त्याने कातडी आणि डोळ्यांचा पडदा निळसर पडू लागला, आणि २०१७ साली ते बंद झाले.) दोन दिवसांत झटके थांबले. आईच्या "छे!"मुळे बाळाचा एक दिवस गेला होता, हे मी तिला अजून सांगितलेले नाही. हा अंक तिच्या हाती पडेल तेव्हा कळेल.

धाकटीला मी त्याच दुपारी सांगितले. ती रडेल असे वाटले होते. तिने दुपटे घडी केले आणि सरळ सासूबाईंना हाक मारली. "आई, हे माझ्याकडून आलंय. मलाही झाली होती आकडी. मला आजच कळलं." विहीणबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आल्या, आईच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे दमा आहे. तो आम्ही तरी कुठं सांगितला होता?" एवढ्यावर ते प्रकरण मिटले. शेजारच्या काकूंनी मात्र पोटॅशियमचा विषय आहे असे ऐकून दोन डझन केळी पाठवली. रक्तातला पालाश पुरेसा आहे, दार अरुंद आहे, हे त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता. केळी आम्ही खाल्ली.

रक्ततपासणीला बाळ, धाकटी आणि मी, असे तिघे गेलो. आई मागोमाग आली आणि न विचारता बाही वर करून हात पुढे केला. "माझंही घ्या." अपराधी माणूस शेवटी एकदाचा चौकीवर हजर व्हावा, तसा तिचा चेहरा होता. महिन्याने अहवाल आला. बाळाच्या जनुकात बदल, धाकटीच्या जनुकात तोच, माझ्याही. आईच्या रक्तात नाही.

"म्हणजे माझ्याकडून नाही?" तिने विचारले. मी नाही म्हटले. ती आत गेली, दूध तापवून आली आणि म्हणाली, "नक्की?" रात्री अंथरूण घालताना पुन्हा, "पण त्यांची काही चूक तर होत नाही ना, तपासण्यात?"

वडील सहा वर्षांपूर्वी गेले. मी साताऱ्याला आत्याला फोन केला. ती शहाऐंशी वर्षांची, वडिलांहून नऊ वर्षांनी मोठी. तिने क्षणभरही आठवायला घेतला नाही. "अरे, दादाला झाली होती की! पाचवीलाच. सटवाईचा कोप म्हणून अंगारे-धुपारे झाले. आमच्या आजीनं आईला दीड वर्ष माहेरी ठेवलं होतं, तुझ्या आजीला. मी रोज रडायची." मी विचारले, मग आजी आईला कधी हे बोलली कशी नाही? आत्या म्हणाली, "कशाला बोलेल? बोलली असती तर पुन्हा तिच्यावरच आलं असतं ना."

वडिलांना तरी हे ठाऊक होते का, कोण जाणे. उभा जन्म कालव्याची दारे वरखाली करण्यात गेलेल्या माणसाच्या अंगात ते एक दार अरुंद होते. त्यांना ते कुणाकडून मिळाले, आजीकडून की आजोबांकडून, हे मी शोधायला गेलो नाही. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिला कधी काही झाले नाही. तिचे रक्त तपासायचे की नाही, ते ती सज्ञान झाली की ठरवील. बाळाचे औषध सहाव्या महिन्यात बंद केले. आता ते दहा महिन्यांचे आहे, बसते, रांगते, आणि माझा चष्मा ओढते.

अहवाल इंग्रजीत होता. आई म्हणाली, "मला मराठीत लिहून दे. तू मराठीचा ना?" आजवर मी पुष्कळ लिहिले, पण इतके अवघड भाषांतर कधी केले नाही. चॅनलला मी 'पाटाचे दार' लिहिले. परिभाषा-कोशवाले मला क्षमा करोत. पानभर झाले. आईने चष्मा लावून ते सावकाश वाचले, आणि एका ओळीवर बोट ठेवले. "वडिलांकडून आलेले सदोष जनुक" असे मी लिहिले होते.

"हा शब्द काढ," ती म्हणाली.

"कुठला?"

"दोष. आता तो त्यांच्यावर कशाला?"

मी 'बदललेले' असे लिहिले. डॉक्टरीणबाईही बदलच म्हणाल्या होत्या. दोष हा माझाच शब्द होता. आईने कागदाची घडी घातली, लुगड्यांच्या ट्रंकेत वडिलांच्या पेन्शनच्या कागदांबरोबर ठेवली, आणि झाकण लावता लावता म्हणाली, "आणखी एक प्रत कर. विहीणबाईंना हवी आहे."